प्लेस्कूलच्या आधी मुलाला शू-शीचं स्वतःचं स्वतः जमायला हवंय. सुरुवात कुठून?

आठलाझोप (प्रश्न)

मुलगा 3 वर्षं 2 महिन्यांचा. प्लेस्कूल सुरू व्हायला अजून अडीच महिने आहेत. दिवसाचा डायपर काढलाय. बसवलं तर शू करतो, पण स्वतःहून सांगत नाही. दर अर्ध्या तासाने विचारलं तर "नाही आली" म्हणतो आणि पाच मिनिटांत चड्डी ओली. शी मात्र डायपर लावल्याशिवाय करतच नाही, तीही पडद्यामागे उभं राहून. चड्डी खाली करता येते, वर घेताना मागून अडकते.

शाळेत ताई सोबत असतील, पण काढणं-घालणं मुलाने करावं असं कळवलंय. तर: स्वतःहून सांगायची सवय कशी लावायची? शू बसून शिकवायची की उभ्याने? आणि शी धुणं या वयात जमतं का?

---

निळाटॉवेल

विचारणं बंद करा, निम्मं काम तिथेच होईल. तीन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण 120 ते 150 मिली शू मावते आणि दिवसातून चार ते सात वेळा जावं लागणं हे नॉर्मल. दर अर्ध्या तासाने रिकामं करत राहिलात तर "भरलंय" ही जाणीव त्याला होणार कधी? शिवाय "शू आली का?" हा प्रश्न त्याच्या कानाला "खेळ थांबवायचा का?" असाच ऐकू येतो. उत्तर ठरलेलं आहे.

त्याऐवजी दिवसातले ठरावीक टप्पे पकडा: उठल्याबरोबर, जेवण झाल्यावर, घराबाहेर पडण्याआधी, अंघोळीआधी, झोपण्याआधी. तेव्हा विचारायचं नाही, "आता शूची वेळ, मग बाहेर" एवढंच सांगायचं. शू झाली नाही तरी दोन-तीन मिनिटांत उठू द्या. मधल्या वेळात मूत्राशय भरू द्या आणि मुलाकडे लक्ष ठेवा. पाय एकमेकांत अडकवणं, टाचेवर बसणं, शूची जागा धरणं, बडबड मध्येच थांबणं, यातलं काही दिसलं की लगेच शब्द द्या: "पाय वळवळतायत, म्हणजे शू आलीय. चल." आतली जाणीव आणि तिचं नाव यांची गाठ त्याच क्षणी पडते, नंतर समजावून पडत नाही. आठवडाभराने हळूहळू फक्त "पाय बघ" इतकंच म्हणा, पुढचं त्याला म्हणू द्या.

घरात साधी सुती चड्डी. चड्डीसारखे ओढून घालायचे डायपर ओल इतकी शोषतात की काही झालं हेच त्याला कळत नाही.

चड्डी ओली झाली तर आवाज सपाट ठेवा. "शू चड्डीत झाली. शू कमोडमध्ये करायची. चल बदलू." ओली चड्डी बादलीत त्याने टाकायची, पण शिक्षा म्हणून नाही, नेहमीचं काम म्हणून. आणि अपघात टळावेत म्हणून पाणी कमी करू नका. लघवी गडद झाली की मूत्राशयाला उलट चुरचुरते, आणि शी घट्ट होते ते वेगळंच.

---

शेवटूनसुरुवात

चड्डीबद्दल. वर घेताना अडकते कारण मुलं दोन्ही हातांनी समोरचं इलॅस्टिक धरतात. पुढून चड्डी बेंबीपर्यंत येते, मागून ढुंगणाच्या खालीच राहते. त्याला सांगायचं: "एक हात पोटाशी, एक हात पाठीशी." मागच्या हाताचा अंगठा इलॅस्टिकच्या आत, बोटं बाहेर, आणि ओढायची दिशा आधी थोडी मागे, मग वर. सरळ वर ओढलं की ढुंगणाच्या गोलाईवर अडतंच.

शिकवताना शेवटच्या पायरीपासून मागे या. म्हणजे चड्डी तुम्ही कमरेच्या चार बोटं खालपर्यंत आणायची, शेवटचा ओढा त्याचा. ते सहज जमलं की ढुंगणाच्या खालपासून, मग मांड्यांपासून, मग गुडघ्यांपासून. प्रत्येक वेळी "झालं!" हा क्षण त्याच्या हातात राहतो, म्हणून मुलं कंटाळत नाहीत. पहिल्या पायरीपासून शिकवलं तर ते मधेच सोडतात आणि मोठी माणसं उरलेलं उरकून टाकतात. सराव शूची घाई नसताना करायचा. अंघोळीनंतर लगेच नको, ओलसर अंगाला कापड चिकटतं.

कपडे: सैल इलॅस्टिकची पँट, एक माप मोठी चालेल. पट्टा, बटण, नाडी, खांद्यावरून येणारी डांगरी शाळेच्या दिवसांत नकोच. चेनची पँट तर मुद्दाम टाळा, घाईत पुढची कातडी चेनमध्ये अडकते. अडकलीच तर ओढाओढ न करता डॉक्टरकडे न्या.

शर्टाचा घोळ कोणाच्या लक्षात येत नाही. चड्डी कोरडी राहते आणि शर्टाचं टोक भिजतं. बसण्याआधी शर्ट वर गुंडाळून हनुवटीखाली धरायला शिकवा, किंवा सरळ आखूड शर्ट घाला.

---

मऊपायरी

बसून की उभ्याने? आधी बसून, आणि शी नीट बसून व्हायला लागेपर्यंत उभ्याने नकोच. शू आणि शी बऱ्याचदा एकदमच येतात. उभं राहायची सवय आधी लागली तर शीसाठी बसायला मुलं नाखूश असतात.

बसताना तीन गोष्टी. पाय टेकलेले हवेत: साधारण 40 सेंटिमीटर उंचीच्या कमोडला 18 ते 20 सेंटिमीटरचं न घसरणारं स्टूल लावा, गुडघे कमरेपेक्षा किंचित वर आले पाहिजेत. लोंबकळत्या पायांनी पोटाखालचे स्नायू सैल पडत नाहीत. वर लहान मुलांची सीट लावा, म्हणजे आत पडायची भीती जाते आणि हात कडेला घट्ट धरून ठेवावे लागत नाहीत. तिसरं म्हणजे थोडं पुढे वाकून शूची जागा बोटाने खाली दाबायची, नाहीतर धार सीट आणि कमोडच्या फटीतून थेट पँटवर.

उभ्याने शिकवाल तेव्हा चड्डी पूर्ण खाली हवी. नुसतं इलॅस्टिक पुढून खाली दाबून शू केली तर ते मूत्रनलिकेवर खालून दाब देतं, थोडी शू आत अडकते आणि चड्डी वर घेतल्यावर झिरपते. "शू करूनही चड्डी ओली" याचं हे नेहमीचं कारण. शेवटी तीन आकडे म्हणत थांबायचं, थेंब झटकायचे, मग चड्डी. कमोडची उचललेली सीट आपोआप खाली पडत नाही ना, हे आधी तपासा. पडणाऱ्या सीटखाली मुलांना नको तिथे लागतं.

स्वच्छतेच्या नावाखाली पुढची कातडी मागे ओढू नका. या वयात ती बहुतेकांची आतून चिकटलेलीच असते आणि पुढच्या काही वर्षांत आपोआप सुटते. बाहेरून पाण्याने धुणं पुरे. कातडी मागे जाऊन अडकली आणि पुढे येत नसेल, तर मात्र त्याच वेळी डॉक्टर गाठायचे.

---

निळाटॉवेल

मऊपायरींशी बाकी सहमत, पण शाळेत छोटी युरिनल असतील तर शाळेआधीचे दोन आठवडे उभ्याने सराव व्हायला हवा. बाकीची मुलं उभी राहतात तिथे हा एकटा बसायला जागा शोधत फिरेल.

---

मऊपायरी

डायपरशिवाय शी व्हायला लागली असेल तर जरूर. नाहीतर शाळेला सांगा की हा बसून करतो, कुठल्याही ताईला त्यात नवल वाटत नाही.

---

तीनरांगा

शीचं सगळ्यात नाजूक, म्हणून जरा विस्ताराने.

तो पडद्यामागे जातो म्हणजे शी आल्याचं त्याला नीट कळतं. ही चांगली खूण आहे. डायपर एकदम काढून घेऊ नका. मूल शी धरून ठेवतं, मोठं आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, शी कडक होते, करताना दुखतं, म्हणून पुढच्या वेळी आणखी धरून ठेवतं. एकदा हे चक्र लागलं की आठवड्याचं काम महिन्यांवर जातं.

पायऱ्या अशा: आधी डायपर लावून, पण बाथरूममध्ये उभं राहून. मग डायपर लावूनच बंद कमोडवर बसून. मग झाकण उघडं, डायपर तसाच. मग डायपरच्या पट्ट्या सैल. मग डायपर कमोडच्या भांड्यात अंथरलेला आणि तो उघडा बसलेला. एक पायरी सलग तीन-चार शी होईपर्यंत निवांत जमली तरच पुढची. अडला तर एक पायरी मागे, न बोलता. वेळ जेवणानंतर 15 ते 30 मिनिटांची धरा, पोट भरलं की आतडी आपसूक हलतात. पाच मिनिटांच्या वर बसवून ठेवू नका. कुंथण्याऐवजी बुडबुडे फुंकायला द्या, फुंकताना पोटाचा दाब आपोआप खाली जातो.

पाय ताठ करून टाचा उचलणं, लाल होऊन ढुंगण आवळणं याला पालक "जोर लावतोय" समजतात. बहुतेक वेळा तो धरून ठेवत असतो. चड्डीला सतत पातळ डाग लागत असतील तर तो जुलाब असेलच असं नाही, आत अडकलेल्या कडक शीच्या कडेने पातळ शी झिरपत असते. भरलेलं आतडं शेजारच्या मूत्राशयावरही दाबतं, म्हणून शूचे अपघात वाढतात. अशा वेळी आधी बद्धकोष्ठ, मग प्रशिक्षण. औषध डॉक्टर ठरवतील.

धुण्याचं: नीट धुणं-पुसणं बहुतेक मुलांना चार-पाच वर्षांशिवाय जमत नाही. तिसऱ्या वर्षी "पहिला हात त्याचा, शेवटचा तुमचा" एवढंच. पाण्याने असेल तर जेटचा जोर आधी कमी करून द्या, जोराची धार पाठीवर उडाली की मूल पुन्हा जेटला हात लावत नाही. कागदाने असेल तर तळहाताएवढी घडी, मागच्या दिशेने पुसायचं, कागद बघायचा, डाग असेल तर नवी घडी. डाग दिसेनासा झाला की संपलं, हा नियम मुलांना पटकन कळतो. सरावासाठी दोन फुगवलेले फुगे खुर्चीच्या पाठीला शेजारी-शेजारी बांधा, मधल्या फटीत थोडा फेस लावा आणि खुर्चीकडे पाठ करून पुसायला सांगा. हसत-खिदळत हात मागे न्यायला शिकतात.

---

वर्गताई

शाळेच्या बाजूने थोडं.

घरी जो शब्द वापरता तो शाळेत लिहून द्या. मूल "नंबर एक" म्हणतं आणि ताईला "शू" अपेक्षित असतं, तेवढ्यात व्हायचं ते होतं. मुलाला एक पूर्ण वाक्य पाठ करून द्या: "ताई, मला शू आलीय." नुसतं हात वर करून बघत राहणारी मुलं वीस जणांच्या गलक्यात दिसत नाहीत.

शाळेला विचारा: कमोड आहे की उकिडवं बसायचं भांडं, सीट केवढी, धुवायला पाणी की कागद, शीनंतर कोण मदत करतं, कपडे कुठे बदलतात. जमलं तर वर्ग सुरू व्हायच्या आधी एकदा ते बाथरूम दाखवून आणा, फ्लश त्याला स्वतः दाबू द्या. घरी पक्की झालेली मुलंसुद्धा पहिले दोन-तीन आठवडे शाळेत धरून ठेवतात आणि घरी पोचता पोचता दारातच करतात. ते मागे जाणं नव्हे.

दप्तरात दोन जोड चड्डी-पँट, मोजे (मोजे सगळे विसरतात), आणि ओले कपडे ठेवायला एक बंद होणारी पिशवी. आतून कडी लावायची नाही, दार लोटायचं, हे घरीच शिकवा. हात साबणाने निदान 20 सेकंद, बोटांच्या फटींसकट. बेसिनपाशी उंची पुरत नसेल तर तिथेही स्टूल लागेल.

---

आठलाझोप

सगळ्यांचे आभार. विचारणं आजपासून बंद. दोन शंका: रात्रीचा डायपरही आत्ताच काढायचा का? आणि स्टिकर-बक्षीस द्यावं का?

---

तीनरांगा

रात्रीचा राहू द्या. रात्री कोरडं राहणं शिकवून येत नाही, शरीराची तयारी व्हावी लागते. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होण्याला आजार मानत नाहीत. सकाळचा डायपर आठवडाभर सलग कोरडा निघाला की काढून बघा.

स्टिकर द्यायचेच तर बसल्याबद्दल किंवा सांगितल्याबद्दल. शी झाल्याबद्दल नको, कारण ते नेहमी त्याच्या हातात नसतं. कोरड्या चड्डीचं बक्षीस लावलं तर काही मुलं ओली चड्डी लपवायला लागतात.

शू करताना दुखणं, ताप, रक्त, जोर लावूनही बारीक धार, दिवसभर सतत थेंब-थेंब, सहा महिने कोरडा राहून अचानक पुन्हा ओलं करणं, किंवा खूप तहान लागून सारखी भरपूर शू होणं: यातलं काहीही दिसलं तर स्टिकर बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. यातल्या शेवटच्याला त्याच दिवशी.