अनुभव धागा: तुमच्या खेळातली पुजारीण कुठे अडली?

गोदेचा_गोटा
सकाळपासून घरच्या ग्रुपवर एकच फोटो फिरतोय. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय. नाशिककरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: रामकुंडाजवळ पात्रातच हा मारुती उभा आहे आणि आमच्याकडे पूर मीटरमध्ये कोणी मोजत नाही. घोट्याला, कमरेला, छातीला, गळ्याला, असा मोजतात. फोटो बघितला आणि मला एकदम उदकाई आठवली.

उदकाई म्हणजे माझी पुजारीण. २०१६ च्या सुमारास मी एक लांबलचक कथा लिहिली होती, दिवाळी अंकाकडून साभार परत आली. (कसला आभार असतो त्यात देव जाणे.) नदीकाठचं शहर, घाटाला चौदा पायऱ्या. पाणी नवव्या पायरीला आलं की देवळातली पुजारीण पाण्यात उतरते आणि पूर थांबवते. खरंच थांबवते, थोतांड नाही. फक्त थांबवलेलं पाणी जिरत नाही, ते खालच्या गावांत जातं. तिला माहीत आहे. शहराला माहीत नाही. किंवा असेलही, पण विचारतो कोण.

त्याच पावसाळ्यात कॉलेज रोडच्या घरी गच्चीवरच्या खोलीत आम्ही चौघं डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ) खेळायला लागलो. डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, मी. धाकट्या बहिणीने कथा वाचलेली, म्हणाली मी उदकाई होणार. मला वाटलं सोपं आहे, क्लेरिक (देवाच्या जोरावर मंत्र टाकणारं पात्र) घ्यायचा, टेम्पेस्ट म्हणजे वादळाचं डोमेन द्यायचं, झालं.

कसलं झालं. आधी अलाइनमेंटवर (पात्र नियमाचं की बेबंद, चांगलं की वाईट, ते ठरवायचं) गाडी अडली. नियमाने वागते म्हणून लॉफुल, इथपर्यंत एकमत. पुढे गुड की ईव्हिल यावर पाऊण तास भांडलो. शेवटी एक मित्र म्हणाला न्यूट्रल लिही आणि वडापाव मागव. पण खरी अडचण वेगळीच निघाली. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत पाणी वळवायचा मंत्र आयताच आहे, कंट्रोल वॉटर. चौथ्या पातळीचा, क्लेरिकला सातव्या लेव्हलला मिळतो. टाकला की स्लॉट, म्हणजे मंत्रांच्या ठरलेल्या कोट्यातला एक, खर्च. आणि रात्री आठ तास झोपलं की स्लॉट परत! म्हणजे माझी बाई खालचं गाव बुडवून येणार, झोपणार आणि सकाळी टवटवीत उठणार. कथेत तिला झोप लागत नाही, हीच तर सगळी कथा होती.

मग घरचा नियम केला. एक दोनशेपानी वही आणली. हा मंत्र टाकला की खेळणाऱ्याने स्वतःच्या हाताने त्यात लिहायचं, खाली काय गेलं ते. मी सांगणार नाही, तिचं तिने ठरवायचं. लिहिल्याशिवाय तो स्लॉट परत नाही. पहिल्यांदा तिने हसत हसत लिहिलं, ‘एक पिठाची गिरणी, तीन शेळ्या’. दुसऱ्यांदा ‘शाळेचे पत्रे’. तिसऱ्यांदा काय होतं आठवत नाही. चौथ्यांदा पेन हातात धरून इतका वेळ बसली की चहावर साय धरली. मग वही मिटली आणि म्हणाली, आज नाही टाकत मंत्र. येऊ दे पाणी शहरात.

बाकी दोघांची घरंदारं (खेळातली) त्या शहरात. एकाने तर आदल्या आठवड्यातच खानावळ विकत घेतलेली. जो काही दंगा झाला, खालून आई वर आली.

तर सांगा. धड चांगली नाही, धड वाईट नाही अशी पुजारीण, भगत, महंत, कोणीही, खेळात आणताना काय जमलं, काय फसलं.

मीठमिरची
वडापाव??? नाशकात राहून???

गोदेचा_गोटा
रात्री साडेनऊला मिसळ कोण देतं बाई

मीठमिरची
हां. ते खरंय. कथा टाका ना इथे

खालचा_माणूस
सायखेड्याहून लिहितोय. तुमच्याकडे मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की फोटो निघतात, आमच्याकडे सिलिंडर आणि धान्याच्या कोठ्या माळ्यावर चढतात. गंगापूर आणि दारणा दोन्ही धरणांतून सोडलं की चांदोरी सायखेडा ठरलेलं. उदकाई आमच्या ओळखीची आहे म्हणायची. खेळ मला माहीत नाही, पोरगा खेळतो. नदीवरची मोटार काढायला निघालोय, आल्यावर लिहितो

अर्धा_चहा
काळजी घ्या दादा

वाळूत_पाय
पैठणच्या वतीने निषेध. आमची तक्रार उलटी आहे, तुमची पुजारीण निदान पाणी खाली सोडते तरी! आमच्याकडे १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली आहे का हे बघायचं आणि मग वरच्यांशी भांडत बसायचं. पुढच्या मोहिमेत तिला आमच्याकडे बदलीवर पाठवा.

गोदेचा_गोटा
😂 बदली मंजूर. पण धागा पाणीवाटपावर नेऊ नका, हात जोडतो.

फासेपारधीण
नियमाचं बोलते, मला राहवत नाही. कंट्रोल वॉटर शंभर फुटी घनापुरता चालतो आणि लक्ष टिकलं तर जास्तीत जास्त दहा मिनिटं. अख्ख्या शहराचा पूर त्यात थांबत नाही. तुम्ही फार सढळ हाताने दिलात.

दुसरं, अलाइनमेंटवर पाऊण तास घालवलात ते वायाच. १९७४ च्या मूळ खेळात तीनच बाजू होत्या, लॉ, न्यूट्रॅलिटी, केऑस. चांगलं-वाईट नंतर जोडलं गेलं आणि नऊ घरं झाली. पाचव्या आवृत्तीत तर त्याने आकडेमोडीत जवळपास काहीच बदलत नाही. मी पात्राच्या शीटवर तो रकाना कोराच ठेवायला सांगते.

अनुभव म्हणाल तर माझा छोटा आहे. रिव्हिव्हिफाय या मेलेल्याला उठवायच्या मंत्राला ३०० सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो आणि तो त्यात संपतो, शिवाय मरून एक मिनिट व्हायच्या आत टाकावा लागतो. माझ्या पुजारणीकडे हिरा एक आणि समोर मेलेले दोघं, पैकी एक आमच्याच टोळीतला आणि दुसरी वाट दाखवायला आलेली पोरगी. डीएमने मोबाईलवर खरोखरचं एक मिनिट लावलं. मी आपल्या माणसाला उठवलं. त्यात काही चूक नव्हतं. पण पुढचे तीन आठवडे तो खेळाडू प्रत्येक गोष्टीला ‘तू म्हणशील तसं’ म्हणायला लागला, आणि मला ते आवडेना. वेगळं काही लिहावं लागलं नाही, नियमात होतं तेच पुरलं.

गोदेचा_गोटा
शंभर फुटांचं मान्य. मी मंत्र ताणला होता, तिच्यासाठी देवळातल्या घंटेचा काहीतरी जोड लावला होता. तपशील विसरलो.

आबा_६१
नमस्कार. हे फासे म्हणजे पैशांचे का? आमचा नातू रात्री एक एक वाजेपर्यंत खोलीत बोलत असतो, ‘मी त्याला बरा करतो, मी त्याला बरा करतो’. आम्हाला वाटले अभ्यास मेडिकलचा.

अर्धा_चहा
नाही आबा, पैसे नसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. नातू बहुतेक क्लेरिक आहे. चांगला मुलगा आहे, बाकी कोणाला ते काम नको असतं.

आबा_६१
बरे. जेवायला मात्र वेळेवर येत नाही.

रात्रपाळी
मी लिहू का नको करत होते. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन खेळायचो, मी नर्स, ड्यूटीवरून आले की अंघोळ करून बसायचे. सगळे म्हणाले तू क्लेरिक हो, तुला येतंच. मी म्हटलं झाले तर अशी होईन जी बरं करत नाही. शेवटच्या घटकेला जवळ बसणारी. तिचं व्रत एकच, मरणाऱ्याला एकटं सोडायचं नाही. आणि ती खोटं बोलते. ‘घरचे निघालेत, पोचतीलच’ असं प्रत्येकाला सांगते.

डीएम हुशार निघाला. एका लढाईनंतर दुसऱ्या पंथाच्या क्लेरिकने झोन ऑफ ट्रूथ टाकला, पंधरा फूट त्रिज्येचं वर्तुळ, आत जाणून खोटं बोलता येत नाही. मधोमध एक शिपाई, वय सतरा, विचारतोय आई आली का. माझा सेव्ह (मंत्रातून सुटायला टाकायचा फासा) फसला. चारवर पडला फासा, अजून डोळ्यासमोर आहे. नियमात टाळाटाळ चालते, खोटं चालत नाही. मी म्हटलं, ‘तुझी आई तुझी वाट बघतेय.’ हे खरंच होतं ना. मग माइक बंद केला दोन मिनिटं.

कोणी काही विचारलं नाही त्याबद्दल आभार त्या ग्रुपचे. एवढंच. कुकर झालाय.

मीठमिरची
❤️

गोदेचा_गोटा
काय लिहिलंत. यावर मला काहीच सुचत नाहीये.

कॅनडाकॉर्नर_ते_कॅनडा
कोणाकडे वापरलेले फासे आहेत का? सात-सातचे दोन संच हवेत, भाच्यासाठी, इंदिरानगरला घेऊन जाईल कोणी

अर्धा_चहा
वेगळा धागा काढा हो 🙏

पेठचा_पाऊस
आमच्याकडे बोहाडा असतो, ज्यांना ठाऊक नाही त्यांनी एकदा येऊन बघा, पेठ सुरगाणा भागात. देवादिकांची, राक्षसांची सोंगं रात्रभर टेंभ्याच्या उजेडात नाचतात, संबळ वाजत असतो. कुठलं सोंग कोणत्या घराचं हे ठरलेलं. आमच्या चुलत्यांकडे देवीचं.

मी नाशकात शिकायला होतो तेव्हा रूमवर खेळायचो आणि मला वाटलं पुजारणीसाठी चुलत्यांचा मुखवटा आणला तर काय भारी होईल. आजीला विचारलं. ती भात निवडत होती, मान वर न करता म्हणाली, ‘फासा उलटा पडला तर सोंग कोण उतरवणार, तू?’ विषय संपला.

पण त्यातून एक गोष्ट घेतली. आमच्यात मुखवटा चढला की चुलत्यांना कोणी नावाने हाक मारत नाही. तेच खेळात आणलं. पुजारीण ओढणी डोक्यावरून घेते तोवर ती जे बोलेल ते देवीचं, तिला उलट विचारायचं नाही. ओढणी खाली आली की ती बाई, मग भांडा. माझ्या रूममेटने तीनच सेशनमध्ये याचा असा गैरफायदा घेतला की विचारू नका. उधारी मागायला कोणी आलं की लगेच टॉवेल डोक्यावर. खऱ्या आयुष्यात सुद्धा!! मेसचं बिल अजून माझ्याकडे बाकी आहे त्याचं.

फासेपारधीण
टॉवेल 😂😂 याला माझ्या टेबलावर उद्यापासून बंदी

वाळूत_पाय
अंगात आणून सल्ले दिले तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो का डीएमला? वकील आहेत का कोणी

पेठचा_पाऊस
रूममेटला लावा, मी साक्षीदार

पूर्व_दरवाजा
ऑफिसमधून फोनवर लिहितोय, तुटक होईल. मी डीएम. माझी पुजारीण मोठ्या देवळाच्या दारात बसणारी. येईल त्याला जेवू घालते, लेकरांच्या जखमा धुते, पण काही लोकांना आत सोडत नाही. आधी मी तिला खाष्ट केलं होतं. कपाळाला आठ्या, तोंडात शिव्या.

खेळणाऱ्यांत एकजण होता, त्याचे पणजोबा २ मार्च १९३० ला काळारामाच्या सत्याग्रहात होते. बाबासाहेबांच्या हाकेवर हजारो लोक आले होते आणि देवळाचे दरवाजे बंद होते, हे नाशिकमध्ये शाळेत शिकवतात पण त्याच्याकडे ते घरातलं होतं. मी विचारलं, तुला त्रास होत असेल तर बदलतो हा भाग. तो म्हणाला, बदल, पण दुसरीकडून. हिला खाष्ट नको करू. गोड बोलू दे. ‘बाळा ऊन लागतंय, पाणी पी, पण आत नको हं.’ असं.

मग मी तसं केलं आणि टेबलावरच्या बाकीच्यांना ती आवडायला लागली. अगदी तिच्यासाठी भांडायला लागले. आणि तो गप्प बसून बघत होता सगळ्यांकडे. पुढचं मोठं आहे, घरी गेल्यावर लिहितो.

अर्धा_चहा
वाट बघतोय

रात्रपाळी
मी पण. नक्की लिहा.

आबा_६१
आज नातवाला विचारले. तो क्लेरिक नाही, डीएम आहे म्हणे. हे वरचे पद का?

फासेपारधीण
आबा, काम सगळं त्याचं आणि शिव्याही त्यालाच. घरातल्या कर्त्यासारखं.

आबा_६१
समजले.

कॅनडाकॉर्नर_ते_कॅनडा
अरे दादा, मीच ती उदकाईवाली बहीण. तूच लिंक पाठवलीस आणि धाग्यात माझी एवढी बदनामी. दुरुस्त्या:

१) शेळ्या चार होत्या. एक गाभण होती, ती मी नंतर वेगळी लिहिली होती.
२) तिसऱ्यांदा काय लिहिलं ते तुला आठवत नाही कारण मी ते पान तुला दाखवलंच नव्हतं.
३) मी पाणी शहरात येऊ दिलं कारण मला वाईट वाटलं, असं तू सगळ्यांना भासवतोयस. अर्धं खरं. मला खानावळवाल्याचा रागही आला होता. आदल्या सेशनला त्याने माझ्या देवळातल्या दिव्याचं तेल विकलं होतं. दोन्ही एकदम होतं. तू कथेत तिला फार सोज्वळ केली होतीस, म्हणून परत आली असेल ती.

आणि फासे मला हवेतच, कोणीतरी मनावर घ्या.

गोदेचा_गोटा
तेल विकलेलं मी साफ विसरलो होतो!! तिसऱ्या पानावर काय होतं?

कॅनडाकॉर्नर_ते_कॅनडा
वही माळ्यावर असेल, बघ. नाहीतर नको बघू.

मीठमिरची
बघा आणि इथे टाका

अर्धा_चहा
टाकू नका

खालचा_माणूस
आलो. मोटार निघाली, पाइप राहिले. पाणी दुपारी उतरायला लागलं, आता अंगणातला गाळ काढतोय. सगळं वाचलं. पोराला दाखवलं तर म्हणतो पप्पा तुम्ही खेळा की आमच्यात, रविवारी. म्हटलं खेळतो पण शहरात नाही राहणार. मला खालच्या गावातलाच माणूस करा, गिरणीवाला चालेल. आणि एकदा त्या बाईला माझ्या दारात येऊ द्या. भांडणार नाही. चार शेळ्यांचा हिशोब तेवढा विचारायचाय

फासेपारधीण
दादा, लेव्हल एकचा गिरणीवाला, मी शीट बनवून देते. पूर्वीच्या नियमात क्लेरिकला धारदार शस्त्र वर्ज्य होतं, तुम्हाला मात्र विळा देते.

खालचा_माणूस
विळा नको, फावडं द्या. तेच आहे हातात सध्या