माध्यमांतलं 'स्पेक्युलेशन': अटकळ, वावडी की पुडी?

अनुवादिनी:
फुटबॉलवरच्या एका लेखाचा अनुवाद हातात आहे. विषय ओळखीचाच. विशीतला खेळाडू, करार संपत आलेला, आणि तो पुढच्या मोसमात कुठल्या क्लबाकडे जाणार यावरून रोज नवी बातमी. या सगळ्या प्रकाराला लेखक 'मीडिया स्पेक्युलेशन' म्हणतो आणि हा शब्द परिच्छेदागणिक येतो. भाषांतराच्या यंत्राने 'माध्यमांची सट्टेबाजी' असं सुचवलं. सट्टा हा स्पेक्युलेशनचा एक अर्थ आहेच, पण तो शेअर बाजारातला. इथे तो ठेवला तर वाचक पैजांकडे वळणार. त्यातून खेळाडू कुठे जाईल यावर खरोखरच पैजा लागतात, म्हणजे चुकीचा अर्थ बिनबोभाट खपून जायचा. 'तर्कवितर्क' फार सभ्य वाटतं. 'अफवा' लिहावं, तर बातमी खोटी आहे असं लेखक कुठेच म्हणत नाही. तुम्ही काय वापराल?

शब्दवेडा:
'अटकळ'. आणि त्याचा धंदा झाला की 'अटकळबाजी'.

अटकळ बांधणारा डोकं चालवत असतो. करार कधी संपतो, वडील कुणाबरोबर दिसले, प्रशिक्षक काय बोलता बोलता थांबला, अशा खुणा जोडून तो काहीतरी ताडतो. तो चुकेल, पण खोटं बोलत नसतो. या सगळ्या गोतावळ्याची क्रियापदं बघा, फरक आपोआप कळेल. अटकळ बांधतात. अफवा पसरते. कंडी पिकवतात. आवई उठते. वावडी उठवतात. पुडी सोडतात. 'पसरते' आणि 'उठते' यांत माणूस दिसत नाही, 'पिकवतात' आणि 'सोडतात' यांत तो दिसतो. वावडी म्हणजे मुळात मोठा पतंग, तेव्हा दोरी कुणाच्या तरी हातात असणारच. पुडी सोडणाऱ्याचा तर हेतूच असतो: सोडायची आणि काय होतं ते बघत बसायचं.

म्हणून माझं म्हणणं असं की सगळीकडे एकच शब्द चालवू नका. त्या त्या वाक्यातली बातमी आली कुठून, ते आधी बघा.

ऑफसाइड:
शब्दवेडा, याला नामी उदाहरण आहे. १ एप्रिल २०२१. नॉर्वेचा आघाडीपटू एर्लिंग हालांड तेव्हा वीस वर्षांचा, जर्मनीतल्या बोरुसिया डॉर्टमुंड क्लबाकडे. त्याचे वडील आल्फ-इंगे आणि एजंट मिनो रायोला बार्सिलोनाच्या विमानतळावर उतरले, तिथे कॅमेरे हजर. तिथून दोघे माद्रिदला. तारीख बघून थट्टा वाटावी, पण छायाचित्रं होती. दुसऱ्या दिवशी जगभर 'हालांड बार्सिलोनाला की रेयाल माद्रिदला' सुरू.

आता याला काय म्हणाल? माणसं खरोखर गेली होती, त्यामुळे ही अफवा नाही. बातमीदारांनी दोन आणि दोन चार केले, म्हणून त्यांच्या बाजूने अटकळ. पण एजंटच्या बाजूने? ज्याला गुपचूप बोलायचं असतं तो फोन उचलतो. भर दिवसा दोन शहरं फिरणाऱ्याला बाकीच्या गिऱ्हाइकांनाही ते दिसायला हवं असतं, असा माझा तर्क. हालांड त्या दोन्ही शहरांत गेला नाही. आणखी एक मोसम डॉर्टमुंडला खेळला आणि २०२२ मध्ये मँचेस्टर सिटीत दाखल झाला. त्याचे वडील पूर्वी याच सिटीकडून खेळले होते. म्हणजे खूण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि कॅमेरे विमानतळावर.

शब्दवेडा:
मग याला 'हूल' म्हणा. हा शब्द फुटबॉलसाठीच घडवल्यासारखा आहे. खेळाडू डावीकडे जातोय असं दाखवून उजवीकडून निसटतो, तेव्हा आपण 'बचावपटूला हूल दिली', 'हुलकावणी दिली' म्हणतो. आणि खोटी बातमी उठते तेव्हाही 'हूल उठली' म्हणतो. एजंटने खेळाडूच्या वतीने दिलेली हूल, यात दोन्ही अर्थ एकदम बसतात.

अनुवादिनी:
हे छान आहे. पण दर वेळी एजंटच असतो असं थोडंच? माझ्या लेखात एका ठिकाणी बातमीदार स्वतःच लिहितो की त्याला आतून काही कळलेलं नाही.

क्रीडापान:
क्रीडा विभागात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून बोलतो. रात्री वृत्तसंस्थेची बातमी येते तेव्हा ती कुणी बांधली की सोडली हे ओळखायला वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नसते. मग मदतीला येतं 'समजते'. 'अमुक खेळाडू क्लब सोडणार असल्याचे समजते.' कुणाला समजते? वाक्यात कर्ताच नाही. पूर्वी याचा अर्थ होता: बातमीदाराला खात्री आहे, पण सांगणाऱ्याचं नाव छापता येत नाही. आता खात्री नसली की 'समजते', आणि मुळीच काही नसलं की 'चर्चेला उधाण'. उधाण समुद्राला येतं, पण दोन परदेशी संकेतस्थळांनी एकच मजकूर छापला तरी आमच्याकडे भरती.

तिसरं हत्यार म्हणजे प्रश्नचिन्ह. 'विर्ट्झ बायर्नकडे?' असं छापलं की जबाबदारी संपली. जर्मन खेळाडू फ्लोरियन विर्ट्झ लेव्हरकुसेन क्लबात असताना जर्मनीत कित्येक महिने बायर्न म्युनिचचंच नाव पुढे होतं, आणि जून २०२५ मध्ये तो गेला लिव्हरपूलला, दहा कोटी पौंड आणि वर अटींनुसार मिळणारी रक्कम. प्रश्नचिन्हाला कुणी जाब विचारत नाही.

ऑफसाइड:
'वाटेवर' विसरलात! राजकारणाच्या पानावरून आलेलं. 'माजी मंत्री अमुक पक्षाच्या वाटेवर', तसंच 'युवा स्टार रेयालच्या वाटेवर'. बिचारा घरी झोपलेला असतो.

क्रीडापान:
विसरलो नाही, लाजेखातर लिहिलं नव्हतं. 'गळाला लागला', 'मोर्चेबांधणी', 'फिल्डिंग लावली' हेसुद्धा तिकडूनच आलेलं. फुटबॉलच्या बातमीत फिल्डिंग लावलेली मी स्वतः कापली आहे.

कानोसा:
या सगळ्यांपेक्षा आपल्याकडे एक नितांतसुंदर शब्द आहे: 'म्हणे'. 'हालांड म्हणे बार्सिलोनाला चाललाय.' ऐकीव आहे, माझं नाही, आणि माझा फारसा विश्वासही नाही, हे तिन्ही एका शब्दात.

क्रीडापान:
बोलताना बिनतोड. छापलं की उपरोध होतो. 'चाललाय म्हणे' वाचून बातमीदार टिंगल करतोय असंच वाटणार. स्तंभात चालेल, बातमीत नाही.

अनुवादिनी:
'म्हणे' एका ठिकाणी वापरणार, लेखकही तिथे टिंगलच करतोय. आता दुसरी अडचण. 'ट्रान्सफर'ला काय करू? 'बदली' लिहिलं तर बदली खेळाडू वाटतो, म्हणजे राखीव बाकावरून उठून आलेला. 'बदली झाली' म्हटलं की सरकारी कर्मचारी. 'हस्तांतरण' म्हणजे सातबारा.

शब्दवेडा:
'ट्रान्सफर'च ठेवा. वाचकाला तो माहीत आहे. जिथे टाळता येईल तिथे क्रियापदाने सांगा: क्लब बदलला, अमुक क्लबाकडे गेला, करार केला. मराठी वाक्य नामांपेक्षा क्रियापदांवर चांगलं चालतं. आणि 'क्लबांतर' असा शब्द कुणी सुचवण्याआधीच नको म्हणून सांगतो.

ऑफसाइड:
मी सुचवणारच होतो.

अनुवादिनी:
आणखी एक. लेखात एम्बापेबद्दल वाक्य आहे, त्याचा मी केलेला अनुवाद: 'नवा करार करून त्याने सर्व चर्चांना पूर्णविराम दिला.' ठीक वाटतं का?

ऑफसाइड:
भाषा ठीक, पण फुटबॉल बघणारा हसेल. २१ मे २०२२ चा प्रसंग आहे ना? फ्रान्सच्या किलियन एम्बापेचा पॅरिस सेंट जर्मेनशी असलेला करार जूनमध्ये संपणार होता. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबाशी उघडपणे बोलणी करायला फिफाचे नियम मोकळीक देतात, म्हणजे जानेवारीपासून रेयाल माद्रिदशी बोलायला त्याला आडकाठी नव्हती. स्पेनमध्ये तर तो आलाच असं धरून चालले होते. आणि मोसमाच्या शेवटच्या सामन्याआधी तो पॅरिस सेंट जर्मेनच्या मैदानात अध्यक्षांच्या शेजारी '२०२५' लिहिलेला शर्ट धरून उभा. मग संघाने मेट्झला ५-० हरवलं, त्यात एम्बापेचे तीन गोल.

पूर्णविराम? शर्टावरचं २०२५ सुद्धा पूर्ण खरं नव्हतं. शेवटचं वर्ष ऐच्छिक होतं. जून २०२३ मध्ये त्याने ते वर्ष घेणार नसल्याचं पत्राने कळवलं आणि पुन्हा तेच सुरू. जुलैमध्ये सौदीच्या अल हिलाल क्लबाने त्याच्यासाठी ३० कोटी युरो देऊ केल्याच्या बातम्या आल्या. ३ जून २०२४ ला रेयालने त्याचं नाव जाहीर केलं तेव्हा कुठे थांबलं. २०२२ मध्ये दिला होता तो स्वल्पविराम.

कानोसा:
आणि तेही अध्यक्षांच्या हातून.

शब्दवेडा:
इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. माध्यमांवर आपण तोंडसुख घेतोय, पण या प्रसंगात क्लबाने शर्टावर छापलेला आकडाही अर्धवट होता. म्हणजे अधिकृत बातमी आणि अटकळ यांच्यातली भिंत आपण समजतो तेवढी जाड नाही. म्हणूनच शेवटच्या टप्प्यातले शब्द जपून वापरायला हवेत. सिटीने १० मे २०२२ ला हालांडबद्दल निवेदन काढलं, त्याचा आशय असा: डॉर्टमुंडशी तत्त्वतः सहमती झाली आहे, खेळाडूशी अटी ठरायच्या आहेत. यातलं 'तत्त्वतः' फार मोलाचं. मराठी मथळ्यात पहिला बळी त्याचाच जातो आणि जागी 'शिक्कामोर्तब' येतं.

आता शिक्कामोर्तब म्हणजे काय? जुन्या पत्रात शिक्का वरती आणि मोर्तब शेवटी, मजकूर संपला हे सांगणारी. मोर्तब झाली की त्याखाली कुणाला ओळ घुसवता येत नाही. म्हणजे सह्या होऊन, वैद्यकीय चाचणी होऊन, कागद नोंदले गेल्यावरच हा शब्द. 'लवकरच शिक्कामोर्तब होण्याची शक्यता' असं जे छापतात, ते न लिहिलेल्या पत्राला मोर्तब लावणं आहे.

ऑफसाइड:
कागदावरून आठवलं. ३१ ऑगस्ट २०१५, गोलरक्षक डेव्हिड द हेआ मँचेस्टर युनायटेडहून रेयालला जाणार हे ठरलेलं. कागदपत्रं ट्रान्सफरची मुदत संपल्यावर पोहोचली आणि सगळं बारगळलं. दोन्ही क्लबांनी निवेदनं काढून एकमेकांकडे बोट दाखवलं. त्या रात्री ज्यांनी 'शिक्कामोर्तब' छापलं असेल त्यांची कीव येते. ट्रान्सफरच्या बातम्या देणारा इटालियन पत्रकार फाब्रिझिओ रोमानो याने 'हिअर वी गो' म्हटलं की लोक आता व्यवहार झाला असं धरतात. त्याला मराठीत काय?

कानोसा:
'सुपारी फुटली.' लग्न ठरलं, लागलेलं नाही.

क्रीडापान:
अर्थ अचूक, पण सुपारीचा दुसरा अर्थ आमच्या गुन्हेवार्ता विभागाने पळवलाय. 'स्टार खेळाडूची सुपारी फुटली' असा मथळा द्यायचं धाडस मी करणार नाही.

एक मात्र सांगतो, 'जाणार' हा शब्द दर वेळी लबाड नसतो. एंड्रिकचं बघा. डिसेंबर २०२२ मध्ये रेयालने त्याच्याबद्दल ब्राझीलच्या पाल्मेरास क्लबाशी करार झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा पोरगा सोळा वर्षांचा. फिफाच्या नियमांनुसार अठरा पूर्ण होण्याआधी देश बदलून क्लब बदलता येत नाही, काही अपवाद सोडून. जुलै २०२४ मध्ये तो अठराचा झाला आणि गेला. मधलं दीड वर्ष 'एंड्रिक रेयालकडे जाणार' हे बिनप्रश्नचिन्हाचं वाक्य होतं. भविष्यकाळ, पण सही झालेला.

अनुवादिनी:
हे लेखात नाहीये, पण मला उपयोगी पडेल. आता शेवटचे दोन शब्द. 'टॅपिंग अप' आणि 'फ्री ट्रान्सफर'.

ऑफसाइड:
पहिल्याला 'फोडाफोडी'. करारात असलेल्या खेळाडूशी बोलायचं तर आधी त्याच्या क्लबाला लेखी कळवावं लागतं. ते न करता परस्पर गाठायचं म्हणजे टॅपिंग अप. प्रसिद्ध प्रकरण ॲशली कोलचं. जानेवारी २००५ मध्ये आर्सेनलचा हा खेळाडू लंडनच्या एका हॉटेलात चेल्सीच्या लोकांना भेटला. चेल्सीला तीन लाख पौंड दंड, त्यांचा प्रशिक्षक मोरिन्योला दोन लाख, कोलला एक लाख. पुढे अपिलात मोरिन्यो आणि कोल यांचे दंड प्रत्येकी पंचाहत्तर हजारांवर आले. आणि २००६ मध्ये कोल चेल्सीत गेलाच. म्हणजे तेव्हाची अटकळ दंडासकट बरोबर निघाली.

शब्दवेडा:
'फोडाफोडी' आमदारांची, तिथे घाऊक मामला असतो. एका खेळाडूसाठी 'परस्पर संधान बांधणे' जास्त बसतं. संधान बांधण्यात दोन्ही बाजू सामील असतात, आणि कोलच्या प्रकरणात खेळाडूलाही दंड झाला, हे त्यात नीट येतं. 'फोडला' म्हटलं की खेळाडू निर्दोष वाटतो.

अनुवादिनी:
संधान घेते. आणि फ्री ट्रान्सफर? 'फुकट गेला' लिहिलं तर वाया गेल्यासारखं वाटतं.

क्रीडापान:
आणि फुकट नसतंच मुळी. करार संपला की जुन्या क्लबाला पैसे मिळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. खेळाडूला सहीपोटी घसघशीत मिळतं, एजंटचं वेगळं. 'करार संपल्याने मोकळा झालेला' असं सविस्तर लिहा. मथळा असेल आणि जागा नसेल तर 'करारमुक्त'. 'मोफत' कृपया नको, कुठल्या तरी खरेदीवर मिळाल्यासारखा वाटतो.

कानोसा:
एम्बापे, एकावर एक.