शब्दचर्चा: मपेटांचा खजिना मराठीत सांगायचा तर कुठले शब्द वापरायचे?

धागाकर्ती:
पुढच्या शनिवारी आमच्या सोसायटीत मुलांना ‘मपेट ट्रेझर आयलंड’ हा चाच्यांच्या खजिन्याच्या गोष्टीवरचा इंग्रजी सिनेमा दाखवायचं ठरलंय, १९९६ चा, ब्रायन हेन्सनने केलेला, टिम करी त्यात लाँग जॉन सिल्व्हर झालाय आणि कर्मिट बेडूक कॅप्टन स्मॉलेट. मुलं सहा ते दहा वर्षांची, गाण्यातलं इंग्रजी भराभर जातं ते त्यांना पकडता येणार नाही म्हणून आधी पंधरा मिनिटं मी मराठीत गोष्ट सांगणार आहे. लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडकले. ‘कळसूत्री बाहुल्यांचा गाण्यांनी भरलेला विनोदी सिनेमा’ असं लिहिलं, आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली कळसूत्री म्हणतेस मग दोऱ्या कुठायत? आणि खरंच दोऱ्या नाहीतच. मग मपेटला म्हणायचं काय?

पुढेही अडलंय. चाचे की समुद्री चाचे, ब्लॅक स्पॉटला, म्हणजे तुझं आता संपलं हे सांगायला चाचे हातात देतात त्या काळ्या ठिपक्याच्या कागदाला काय, केबिन फीवरला काय. ज्याला जे माहीत असेल ते सांगा, मला खरंच हवंय.

प्रतिसाद:
ताई, मी कुडाळचा, पिंगुळी आमच्यापासून अगदी जवळ, त्यामुळे या शब्दावर मी बोलणारच. तुमच्या आईचं शंभर टक्के बरोबर आहे. कळसूत्री म्हणजे सूत्रावर, दोरीवर चालणारी, नाचवणारा वर उभा आणि बाहुली खाली लोंबते. पिंगुळीच्या ठाकर मंडळींकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या ज्यांची पडद्यावर सावली पाडतात, आणि चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली तेव्हा बातम्यांमध्ये या तिन्हींची सरमिसळ झालेली बघून मला फार वाईट वाटलं होतं, कारण करणाऱ्याच्या दृष्टीने हे तीन वेगळे हात आहेत.

मपेटचं सगळं उलटं. नाचवणारा खाली, बाहुली वर. उजवा हात बाहुलीच्या डोक्यात, अंगठा खालच्या जबड्यात आणि चार बोटं वरच्या, त्यानेच तोंड उघडतं मिटतं, आणि डाव्या हाताने बाहुलीच्या मनगटाला लावलेल्या बारीक काड्या हलवायच्या. म्हणून सेटची जमीनच उंचावर बांधतात, माणसं खाली उभी राहून हात वर धरतात आणि समोरच्या छोट्या टीव्हीत बघून अभिनय करतात. हातमोज्यासारखा हात घालायचा म्हणून हातबाहुली म्हणा, मुलांना लगेच कळेल.

धागाकर्ती:
हातबाहुली छान आहे! ‘बोलक्या बाहुल्या’ माझ्या मनात होतं, अर्धवटरावांमुळे तो शब्द घरोघरी पोचलाय, पण तिथे बोलवणारा शेजारी दिसत असतो आणि ओठ न हलवता बोलतो, ते शब्दभ्रम, इथे तो दिसतच नाही. तर सांगताना हातबाहुल्या म्हणेन आणि मपेट हे त्यांचं घराण्याचं नाव म्हणून तसंच ठेवेन.

आता जहाजाचं. गोष्टीत सिल्व्हर हा जहाजावरचा स्वयंपाकी. मी ‘आचारी’ लिहिलंय पण आचारी म्हटलं की डोळ्यासमोर लग्नाचा मांडव येतो.

प्रतिसाद:
आचारी नको. भंडारी म्हणा. मी सव्वीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, रत्नागिरीकडचा आहे, आमच्या क्रूमध्ये कुक म्हणून कोणी हाक मारायचं नाही, सगळे भंडारी म्हणायचे, मग तो माणूस गोव्याचा असो की केरळचा. हा शब्द शिडाच्या जहाजांपासून चालत आलाय, नुसता तोच नाही, अख्खं जहाज आपल्या शब्दात उभं करता येतं. कॅप्टनला नाखवा, दिशा सांभाळणारा मालम, खलाशांचा मुकादम सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणूवर बसणारा सुकाणी. तुमचा कर्मिट नाखवा झाला. सॅम ईगल त्यात मिस्टर अॅरो आहे ना, फर्स्ट मेट, तो मालम. जिम हॉकिन्सला पोऱ्या म्हणा, गलबतावर पाणी भरायला, भांडी घासायला जो लहान मुलगा असतो तो.

अजून एक सांगतो, सिल्व्हरला लाकडी पाय नाही. सिनेमा ज्यावर बेतलाय त्या स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ कादंबरीतही नाही, एक पाय गेलाय आणि काखेत कुबडी आहे, ती कुबडी आपटत तो डेकवर भरभर चालतो. मराठीत सांगताना लोक सर्रास लाकडी पायाचा म्हणतात, तेवढं टाळा.

धागाकर्ती:
काका, तुमच्या या एका प्रतिसादाने माझी अर्धी गोष्ट बदलली. ‘सिल्व्हर हा जहाजाचा भंडारी’ वाचून बघितलं आणि एकदम तो माणूस समोर आला. फक्त मुलं भंडारी आडनाव समजतील, आमच्या बिल्डिंगमध्येच एक कुटुंब आहे, तर एक वाक्य समजावून सांगेन.

त्याच्या खांद्यावर या सिनेमात पोपट नाही, लॉब्स्टर आहे, पॉली नावाचा. शब्दकोशात बघितलं तर मोठा झिंगा वगैरे.

प्रतिसाद:
शेवंड! मोठा झिंगा काय, कोलंबीला कोणी खांद्यावर बसवेल का. किनाऱ्यावर कुणालाही विचारा. खांद्यावर शेवंड बसवलेला भंडारी, मुलं विसरणार नाहीत.

प्रतिसाद:
ब्लॅक स्पॉटबद्दल. कृपा करून ‘काळा टिळा’ करू नका, एका जुन्या अनुवादात तसं वाचल्याचं आठवतंय. आपल्याकडे बाळाच्या गालावर काळी तीट लावतात ती दृष्ट लागू नये म्हणून, म्हणजे आपला काळा ठिपका वाचवणारा आहे आणि चाच्यांचा ठिपका मारणारा. अर्थ बरोबर उलटा होतो.

मला त्यावरून वेगळंच आठवलं. माझ्या लहानपणी कोणी गेलं की गावाहून पोस्टकार्ड यायचं ते कोपरा फाडलेलं, वर श्री लिहिलेलं नसायचं. पोस्टमन अजून अंगणातच असायचा आणि त्याच्या हातातल्या गठ्ठ्यात तसा तुटका कोपरा दिसला की आजी हातातलं सूप खाली ठेवून ओट्यावर बसायची, मजकूर नंतर कोणीतरी वाचायचं. गोष्टीत बिली बोन्स या म्हाताऱ्या खलाशाच्या तळहातावर एक आंधळा माणूस तो कागद ठेवतो तेव्हा बिलीचं तोंड तसंच होतं. वाचायची गरजच नसते.

धागाकर्ती:
हे वाचून थांबले थोडा वेळ. माझ्याही घरी यायची ती कार्डं. आताच्या मुलांनी पोस्टकार्डच बघितलं नाहीये त्यामुळे ‘काळी चिठ्ठी’ म्हणते, आणि तुमची आजी सांगू का मुलांना? नाव न घेता. कारण कादंबरीत पुढे सिल्व्हरलाही त्याचेच लोक ती देतात आणि तिथे अर्थ होतो की तू आता आमचा म्होरक्या नाहीस, म्हणजे दर वेळी मरणच असं नाही, पण देणारा तोंडाने काही बोलत नाही, कागदच बोलतो.

चाच्यांचं राहिलंच. समुद्री चाचे हे मला पिवळा पितांबर वाटतंय, चाचा असतोच समुद्रावर.

प्रतिसाद:
असतो पण आता नुसतं चाचेगिरी म्हटलं की लोकांना सिनेमाची कॉपी डाउनलोड करणं आठवतं, आणि हिंदीमुळे मुलांना चाचा म्हणजे काका वाटतो, म्हणून पेपरवाले सागरी, समुद्री लावतात. मुलांसाठी पहिल्यांदा ‘दर्यावरचे लुटारू, म्हणजे चाचे’ असं सांगा आणि मग नुसतं चाचे.

पण या शब्दाची खरी गंमत अर्थात आहे. त्याच सिनेमात सिल्व्हर गातो त्या गाण्यात येतं की इंग्रज दर्यावर्दी ड्रेकला स्पॅनिश लोक शिव्या घालतात आणि इंग्रज त्याला डोक्यावर घेतात. ते ऐकताना मला दर वेळी कान्होजी आंग्रे आठवतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत ते चाचे, आपल्याकडे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. त्यांचं म्हणणं होतं या किनाऱ्यावरून जायचं तर आमचा दस्तक, म्हणजे परवाना घ्या, नाही घेतलात तर जहाज अडवू. माणूस एक, काम एक, शब्द दोन, आणि कुठला शब्द वापरला त्यावरून लिहिणारा कुठल्या किनाऱ्यावर उभा आहे ते कळतं. अर्थात सिल्व्हर आणि सरखेल एका पारड्यात बसत नाहीत, सिल्व्हर कोणाचाच राखणदार नाही.

धागाकर्ती:
सिल्व्हरला चाचाच म्हणणार, त्यात शंका नाही. पण ड्रेकचं गाणं आलं की सरखेलांचं नाव घेईन, अलिबागला सहलीला गेलेली बरीच मुलं आहेत.

शेवटचं आणि सगळ्यात अवघड, केबिन फीवर. वारा पडतो, जहाज दिवसच्या दिवस जागच्या जागी उभं, आणि कोंडून पडलेले खलाशी एकदम वेडे होऊन नाचायला लागतात, रंगीबेरंगी कपडे काय, टोप्या काय. माझा सगळ्यात आवडता प्रसंग आहे हा. केबिनचा ताप म्हटलं तर मुलं थर्मामीटर शोधतील.

प्रतिसाद:
परत मी, कुडाळचा. आमच्याकडे ‘वारो पडलो’ म्हणतात. शिडाच्या होडीवाल्याला याहून वाईट काही नाही, वादळात निदान काहीतरी करता येतं. आणि ताई, उत्तर तुमच्या त्या वाक्यातच आहे. शिडातलं वारं गेलं की ते कुठे जातं? माणसाच्या अंगात. देवीचं वारं अंगात येतं म्हणतो ना आपण, वासरू विनाकारण उधळलं की अंगात वारं शिरलं म्हणतो. तेच झालंय तिथे सगळ्यांना. तापबिप काही नको.

धागाकर्ती:
आत्ता आईला मोठ्याने वाचून दाखवलं आणि ती तिथल्या तिथे हसायला लागली. लिहिलंय असं: ‘नाखव्याने वर बघितलं, डोलकाठीवरचं शिड पोतेऱ्यासारखं लोंबत होतं. शिडातलं वारं गेलं होतं. ते गेलं ते थेट खलाशांच्या अंगात शिरलं.’ इथे थांबायचं आणि गाणं लावायचं.

एकच राहिलं, जहाजाच्या पुढच्या टोकाला ते दोन कुरकुरे म्हातारे लाकडी पुतळे म्हणून ठोकलेले आहेत, स्टॅटलर आणि वॉल्डॉर्फ. पुढच्या टोकाला नाळ म्हणतात एवढं माहितीय, पण तिथल्या पुतळ्याला आपल्या गलबतांवर वेगळा शब्द होता का? काका, शनिवारच्या आत सांगाल?