पारा खरा की माणूस खरा?

धंतोलीकर: 30 मे 2024 ला आपल्या नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश दाखवले. मग हवामान खातं म्हणालं, सेन्सर बिघडला होता. म्हणजे खातं म्हणेल ते ऊन! वस्तुनिष्ठ वास्तव वगैरे झूट. सगळं मानण्यावर आहे.

महालचा बंड्या: हे वाचलं अन् गप राहवलं नाही. मानण्यावर असतं तर 56 चूक हे कळलं कसं? शहरातच दुसरीकडे पारा 44 च्या आसपास होता. आमच्या बाबांचं ताप मोजायचं थर्मामीटर एकदा मे महिन्यात खिडकीत राहिलं. पट्टीवर 42 च्या पुढे आकडाच नाही. दुपारी फुटलं, पारा गोळ्या गोळ्या होऊन फरशीवर पळाला. आकडे संपले म्हणून ऊन थांबलं नाही, भाऊ.

नंदनवन: यंत्रं एका सुरात बोलली की ते सत्य का? अख्खं नागपूर म्हणतं झिरो माइल देशाचा मध्य. तो 1907 चा सर्वेक्षणाचा दगड आहे. मध्य आज मध्य प्रदेशात करौंदीला दाखवतात.

सदरवाले काका: काहून आमच्या झिरो माइलच्या मागं लागून रायले बाप्पा? चाळीस वर्षं पाहुण्यांना तिथल्या त्या घोड्यांच्या पुतळ्यांपाशी नेऊन सांगतो मी. फाळणीआधीचा हिशोब धरा ना!

नंदनवन: धरला. मग मध्य हलवला कुणी? माणसानं रेघ मारली अन् तो सरकला. वास्तव म्हणे!

बंड्या: रेघ माणसाची, मान्य. पण रेघ मारल्यावर मध्य कुठं पडतो ते कुणाच्या हातात नाही. काकांनी अजून चाळीस वर्षं सांगितलं तरी.

काका: माझ्यावर घसरू नका. वय काय तुमचं?

मानेवाडा: घोडे राहू द्या. आमच्या घराला महिनाभर कुलूप, तरी बिल दुप्पट. तपासायला आलेला म्हणे, मीटर बरोबर, तुम्हीच कूलर विसरले असाल. हे कोणतं वास्तव?

धंतोलीकर: बघा! मोजणारा ठरवतो.

बंड्या: मग ते गुमान बिल भरत का नाहीत? खरे युनिट वेगळे आहेत वाटतं म्हणूनच भांडतात ना!

धंतोलीकर: बरं, असेल खरं ऊन कुठंतरी. पण ते किती हे तुम्हाला सांगणारं दुसरं यंत्रच ना?

बंड्या: दुसरं, तिसरं, अन् वेगळ्या जातीचं. पारा अन् सेन्सर एकाच कारणानं बिघडत नाहीत. एकच पुस्तक वाचलेले दहा जण म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत, एकच. झिरो माइलचं तेच झालं.

नंदनवन: हे पटलं. थोडं.

काका: दगडावर मध्य असं लिहिलेलंच नाही का मग? उद्या सकाळी चष्मा घेऊन जातो अन् वाचून येतो. तोवर कुणी काही बोलू नका.