खानापूर तालुक्यातली मराठी शाळा: 1 लाख 20 हजार जमलेत, स्मार्ट बोर्ड घ्यावा का?

जांबोटीकर
नमस्कार मंडळी. आमची सरकारी मराठी शाळा कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी भागात. पहिली ते सातवी, पट 38, शिक्षक दोन. मी एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या विकास समितीवर आहे. गणपतीला गावी आलेल्या पुणे-गोव्याच्या माजी विद्यार्थ्यांकडनं 1 लाख 20 हजार वर्गणी जमली. (लग्नात डीजे लावणारे 500 रुपयाला अडले, ते असो.) सगळ्यांचं एकच, शाळा डिजिटल करा, नाहीतर पोरं कॉन्व्हेंटच्या व्हॅनमधनं जायलेत.

बेळगावच्या एका दुकानदारानं स्मार्ट बोर्डाचं 1 लाख 15 हजाराचं कोटेशन दिलंय, आत 'सगळा सिलॅबस भरून'. दुकानात बसून बघितलं तर मराठीतलं सगळं महाराष्ट्राचं. चौथीचा इतिहास उघडला, शिवराय आले. शिवराय कुणाला नकोत? पण आमची पुस्तकं कर्नाटकची, मराठीत छापलेली. चौथीला इतिहासाचं वेगळं पुस्तकच नाही, परिसर अध्ययन आहे. त्यात पावसाळ्यात करंट गेला की दोन-दोन दिवस पत्ता नसतो. काय करावं?

निवृत्त गुरुजी, खानापूर
बाबा रे, बोर्ड घेतलास तर हातात उरणार 5 हजार. पुढच्या जूनमध्ये बिघडला की दुरुस्तीला परत वर्गणी काढणार काय? 43 इंची साधा टीव्ही, बरा स्पीकर, इन्व्हर्टर एवढंच घे आणि निदान 40 हजार एसडीएमसीच्या खात्यावर ठेव. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेचं वार्षिक अनुदान 31 ते 100 पटाला 25 हजार आहे. त्यातच खडू, बिल, किरकोळ दुरुस्ती, शिवाय निदान दहा टक्के स्वच्छतेला. पट 30 वर किंवा त्याखाली घसरला तर 10 हजारच. त्याच्या भरवशावर मशीन घेऊ नये.

1975-76 ला उपग्रहावरनं खेड्यांत टीव्ही दाखवायचा 'साइट' प्रयोग झाला, आपल्या राज्यात विजापूर, गुलबर्गा, रायचूरकडं. सकाळी मुलांचे कार्यक्रम असायचे. पण वरनं चाललेल्या प्रक्षेपणाला थांब म्हणता येत नव्हतं. आता येतं, आणि खरा फायदा तेवढाच आहे. अपूर्णांकाचा व्हिडिओ लावला, भाकरीचे चार तुकडे झाले की थांबवायचं. 'तीन खाल्ले, किती उरले?' पाटीवर लिहू दे, मग पुढं. सहा मिनिटांच्या व्हिडिओला तास पुरत नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत चौथी-पाचवी एकत्र बसवून हे जमतं, तोवर दुसऱ्या सरांना पहिली-दुसरी घेता येते. नुसतं लावून ऑफिसात जाऊन बसायचं असेल तर मात्र टीव्हीसुद्धा घेऊ नका.

सिलॅबसचं म्हणशील तर इयत्ता बघून व्हिडिओ निवडू नको, घटक बघ. बाष्पीभवन महाराष्ट्रात वेगळं होत नाही. 'दीक्षा' या सरकारी शिक्षण अ‍ॅपवरचं मराठी साहित्य चालतं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या विज्ञान केंद्रातनं अरविंद गुप्तांनी केलेले खेळण्यांचे छोटे व्हिडिओ मराठीतही आहेत. स्ट्रॉ, काडेपेटी, सायकलची ट्यूब, असलं सामान गावात मिळतं. इतिहासाला मात्र महाराष्ट्राचं साहित्य चालत नाही. पण इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना 1831 साली फाशी दिली ते नंदगड तुमच्याच तालुक्यात. तिथं पोरांना ट्रॅक्समधनं घेऊन जा, व्हिडिओ कशाला?

वायरमन_बेळगाव
गुरुजी बरोबर बोलले. दीडशे एएचची बॅटरी असली की तेवढा टीव्ही चार-पाच तास आरामात चालतो. आधी अर्थिंग तपासा, शाळांत बहुतेक नुसती वायर लोंबत असते. वीज कडाडायला लागली की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढायच्या, बटण बंद करून भागत नाही. टीव्ही गळक्या भिंतीवर लावू नका, ओलीनं टीव्हीच्या आतला सर्किट बोर्ड जातो. पेन ड्राइव्ह एफएटी-32 मध्ये फॉरमॅट करून घ्या, फाइल 4 जीबीच्या आत, एमपी-4. नाहीतर दुकानात चालतो आणि शाळेत 'फाइल सपोर्ट नाही'.

निपाणीची बाई
मी शिक्षिका. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. आपली पोरं गणितात नाही, कन्नडमध्ये अडकतात. घरात मराठी, गल्लीत मराठी, कन्नड कानावर पडतच नाही. मी शेजारच्या कन्नड शाळेतल्या मॅडमना पाठातले उतारे सावकाश वाचायला लावले, मोबाइलवर रेकॉर्ड केले. ओळीवर बोट ठेवून पोरं ऐकतात, मागनं म्हणतात. खर्च शून्य. भाषेचं राजकारण मोठ्यांनी करावं, मार्क तर पोरांचेच जातात.

जांबोटीकर
वैनी, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या हेडमास्तरांची मिसेस कन्नड शाळेवरच आहे, विचारतो. टीव्हीचं एसडीएमसीत मांडतो. देणगीदारांना फोटोला मोठा बोर्ड पाहिजे होता, तेवढी कुरकुर होणार. वायरमनदादा, अर्थिंगला साधारण किती लागतील? आणि जांबोटीपर्यंत येता काय?

वायरमन_बेळगाव
खड्डा तुम्ही मारून ठेवला तर पट्टी, कोळसा, मीठ धरून थोडक्यात होतं. रविवारी येतो. शाळेची किल्ली कुणाकडं असते ते सांगून ठेवा.