मदत हवी आहे: पाणीपुरवठा खातं स्वायत्त करायचंय, पण सुरुवात कुठून?

नमस्कार. मी एका सार्वजनिक पाणीपुरवठा खात्यात बिलं आणि वसुली बघते. खातं स्वायत्त करायचं घाटतंय आणि त्याचं टिपण माझ्या गळ्यात पडलंय. बैठकीत गाडी दोनच ठिकाणी येऊन अडते: दर वाढवा, नाहीतर कंपनीला देऊन टाका.

मी परवा मीटर वाचणाऱ्याबरोबर फिरले. एका मीटरची काच आतून घामेजलेली, दुसऱ्यावर चक्क फरशी बसवलेली, तिसऱ्याचा काटा नळ पूर्ण सोडला तरी हलेना. तिघांचं ‘सरासरी’ बिल मात्र दर महिन्याला बिनचूक निघतंय! अशा वहीवर दर वाढवले तर नेमाने भरणाराच भरडला जाणार.

वाचताना कंबोडियाची राजधानी फ्नॉम पेन्हचं उदाहरण सापडलं. 1993 मध्ये तिथलं 72 टक्के पाणी बेहिशेबी होतं. पुढे ते 6 टक्क्यांच्या आसपास आलं. संस्था सरकारीच राहिली, 1996 मध्ये स्वायत्त झाली. प्रमुख ‘एक सोन चान’ यांनी ग्राहकांची यादी घरोघर तपासून घेतली, चोरीच्या जोडण्या तोडल्या. दरही वाढले, पण मीटर आणि वसुली सुधारत असताना, टप्प्याटप्प्याने. उलट पॅरिसने 2010 मध्ये पाणी खासगी कंपन्यांकडून परत घेतलं आणि 2011 मध्ये दर 8 टक्क्यांनी उतरवले. (त्यांचं पाइपांचं जाळं मुळात धड होतं म्हणा.)

आमचा पाणीपट्टीचा पैसा सर्वसाधारण तिजोरीत जातो आणि तिथेच जिरतो. मग आधी काय मागू, पाणीपट्टीच्या पैशासाठी हिशेबाचं स्वतंत्र खातं की मीटर? आणि सगळ्यात मोठे थकबाकीदार सरकारी कार्यालयंच असतील तर त्यांचा नळ तोडणार कोण?

प्रतिसाद:
ताई, स्वतंत्र खात्यासाठी रस्ता खणावा लागत नाही, ते आधी मागा. पाठोपाठ टाकीच्या तोंडाशी बल्क मीटर, म्हणजे सोडलेलं एकूण पाणी मोजणारा मोठा मीटर. किती पाणी सोडलं हेच माहीत नसेल तर गळती कशातून वजा करणार? रात्री 2 ते 4 प्रवाह मोजा. गाव झोपलेलं असताना वाहतं ते बहुतेक गळतीचं. थकबाकीचं म्हणाल तर वरून भक्कम पाठबळ हवं. त्याशिवाय स्वायत्तता म्हणजे नुसती नवी पाटी.

धागाकर्ती:
आभार. खात्याचा मुद्दा टिपणात पहिला घेते. पण आमच्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच सुटतं, रात्री नळ कोरडे. मग रात्रीचं मोजमाप बादच ना? अशा जाळ्यात गळती कुणी मोजली असेल तर कशी, ते सांगा प्लीज.