आवाज कुठे बदलला ते कसं ओळखायचं?

आजी आणि तिच्या धाकट्या बहिणीच्या गप्पांचं ४० मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. दोघींचे आवाज अगदी सारखे. १ सेकंदाच्या खिडक्यांवर (म्हणजे छोट्या तुकड्यांवर) बीआयसी (आवाज बदलल्याची जागा शोधणारं गणित) लावलं, तर आजी खोकली तिथेही बदल दाखवतं. आजी आता नाही. कुठलं वाक्य तिचं, ते मला नक्की हवंय.

— बीआयसीला १ सेकंद फार कमी. खिडकी २-३ सेकंदांची करा, खोकला-शांतता आधी गाळा.

— त्यापेक्षा तुकड्यांचे एक्स-व्हेक्टर (आवाजाची ओळख सांगणारे आकडे) काढून क्लस्टरिंग करा, म्हणजे सारख्या आवाजाचे तुकडे एका गटात लावा. वक्ते दोनच, हे आधीच सांगा. खूप फरक पडतो.

— केलं, बरंच सुधारलं! फक्त मावशीआजीच्या बोलण्यात आजीचे 'हं' हरवतात.

— इतक्या छोट्या हुंकारात आवाजाची ओळख पटण्याइतकी माहितीच नसते. ते कानांनी ऐकूनच लावा.